दुरुस्तीला आलात, पोस्टर कशाला आणलंत?

*ताई,*

*मी नाशिकला असतो. नोकरी एका कंपनीत आणि उरलेल्या वेळात एका ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) टूलचं काम. जुन्या फॉन्टांमधला मजकूर (श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी वगैरे) युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, करून देणारा हा कन्व्हर्टर. मेंटेनर, म्हणजे त्याची देखभाल करणारे, आम्ही दोघंच: मी आणि कॉलेजपासूनचा मित्र. डीटीपीवाले, शाळा, तालुक्याची साप्ताहिकं, सरकारी कचेऱ्या, सगळे वापरतात. निवडणुका आल्या की सगळ्याच पक्षांची पत्रकं यातून जातात, हे येणाऱ्या तक्रारींवरून कळतं.*

*२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद पेटला होता, तेव्हा मित्राने एक पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) टाकली. टूल उघडलं की आधी 'पहिलीपासून हिंदीसक्ती नको' ही पाटी, आणि ती बंद करायचं बटण पाच सेकंदांनी. मी ती मर्ज केली नाही, म्हणजे टूलमध्ये घेतली नाही. आमची वादावादी चालू असतानाच २९ जूनला सरकारने तिसऱ्या भाषेचे दोन्ही शासन निर्णय रद्द केले आणि विषय थंडावला. आता तो म्हणतो, कायमचीच सोय करून ठेवू. टूलच्या वर एक पट्टी, तिच्यातला मजकूर आपल्या सर्व्हरवरून येईल, वाटेल तेव्हा बदलता येईल. शिवाय लायसन्समध्ये एक ओळ घालायची: मराठीच्या विरोधात काम करणाऱ्या संस्थांनी हे टूल वापरू नये.*

*गंमत म्हणजे मुद्द्यावर मी त्याच्याच बाजूचा आहे. तरी पट्टी मला नको वाटते, आणि का नको ते धड सांगता येत नाही. तो म्हणतो, 'तू घाबरतोस. ओपन सोर्स म्हणजे मुळातच राजकारण.' मैत्री पंधरा वर्षांची आहे. मी खरंच घाबरतोय का?*

*— नाशिकचा एक मेंटेनर*

ताई म्हटलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणते.

घाबरतोयस की नाही, ते पत्रावरून सांगता येत नाही. पण जे नको वाटतं त्याचं कारण सापडत नसताना तू ते मर्जही केलं नाहीस आणि विसरूनही गेला नाहीस. घाबरलेला माणूस यातलं एक काहीतरी करून मोकळा होतो. कारण शोधायला मी मदत करते. त्याआधी तुझ्या मित्राच्या बाजूने थोडं बोलते, कारण तो निम्मा बरोबर आहे. त्याच्याशी बोलायला बसशील तेव्हा ती निम्मी बाजू आधी तुझ्याच तोंडून निघायला हवी, नाहीतर पुढचं तो ऐकायचाच नाही.

'सॉफ्टवेअरमध्ये राजकारण आणू नका' हे वाक्य ओपन सोर्सच्या बाबतीत तरी टिकत नाही. रिचर्ड स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ ला जीएनू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये त्याचा चक्क जाहीरनामा छापला. प्रोग्रॅम कुलुपात ठेवणं, शेजाऱ्याला त्याची प्रत द्यायला मनाई करणं, हा अन्याय आहे असं त्याचं म्हणणं. अन्याय हा शब्द आला की राजकारण आलंच. इमॅक्स नावाचा त्याचा एडिटर (मजकूर लिहायचं टूल) अजून वापरात आहे आणि त्याच्या मदतीच्या मेनूत आजही जीएनूची भूमिका वाचायला मिळते. तुम्ही दोघं ज्या लायसन्सखाली कन्व्हर्टर देताय, तो कागदही एका मताचाच कागद आहे. तेव्हा 'आम्ही फक्त अक्षरं बदलतो, आम्हाला मतं नाहीत' असं मित्राला सांगू नकोस. तो हसेल, आणि त्याचं हसणं रास्त असेल.

फक्त ते मूळ मत नेमकं काय होतं, हेही त्याला विचार. फ्री सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांतलं पहिलं (त्यांनी मोजणी शून्यापासून केली आहे, प्रोग्रॅमरच ते) म्हणजे प्रोग्रॅम कुठल्याही कामासाठी चालवायची मुभा. पुढे १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन झाली. तिच्या व्याख्येतलं पाचवं कलम सांगतं, कुठल्याही माणसाला किंवा गटाला वगळायचं नाही. सहावं सांगतं, कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मनाई करायची नाही. तू कोण, कुठला, तुझं मत काय, हे विचारायचं नाही. या चळवळीचं सगळ्यात कडक राजकारण या न विचारण्यात आहे, आणि लायसन्समधली ती ओळ नेमकी तिथेच कुऱ्हाड घालते.

त्या ओळीवर फार वेळ घालवू नये. ती घातल्या दिवसापासून तुमचं टूल ओपन सोर्स राहणार नाही, एवढं पुरेसं आहे. पण मित्राला गोष्टी आवडत असतील तर दोन सांग. ऑगस्ट २०१८ मध्ये लर्ना या जावास्क्रिप्टवाल्यांच्या लोकप्रिय टूलच्या लायसन्समध्ये एका मेंटेनरने कंपन्यांची यादीच टाकली. अमेरिकेतल्या 'आइस' या स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या खात्याशी ज्यांचे करार होते, त्यांना हे वापरायला बंदी. एक-दोन दिवसांत दुसऱ्या मेंटेनरने ते सगळं मागे घेतलं, आणि यादी टाकणाऱ्याचं प्रकल्पातलं स्थानही गेलं. कारण भलं होतं की बुरं, यावर लोक अजून भांडतील. पण एकाच घरात एकाने पाटी लावली आणि दुसऱ्याने उतरवली, हे मात्र घडलं. तुम्ही तर दोघंच आहात, म्हणून सांगितलं.

दुसरी गोष्ट हलकी आहे. डग्लस क्रॉकफर्ड या प्रोग्रॅमरने जेसनच्या (प्रोग्रॅमांनी एकमेकांना माहिती द्यायची एक रीत) लायसन्समध्ये एक ओळ घातली होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. वाचायला किती गोड! डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी त्याला मुक्त मानायला नकार दिला. आयबीएमच्या वकिलांना तर घामच फुटला, कारण ग्राहक काय उद्योग करतील याची हमी कोण देणार? शेवटी क्रॉकफर्डने त्यांना लेखी सूट दिली की आयबीएम, तिचे ग्राहक, भागीदार आणि हुजरे यांनी त्याचं जेएसलिंट हे टूल वाईटासाठी वापरायला हरकत नाही. हा किस्सा तो स्वतःच रंगवून सांगतो. आता 'मराठीच्या विरोधात काम करणारी संस्था' हे शब्द या चाळणीतून काढून बघ. ठरवणार कोण? मराठीचे चार प्राध्यापक एका खोलीत कोंड आणि ऱ्हस्व-दीर्घाचा विषय काढ. संध्याकाळपर्यंत चौघांनी एकमेकांना मराठीचे वैरी ठरवलेलं असेल.

आता पट्टी. खरा पेच तिथे आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये संदेश असणं ही काही आजची गोष्ट नाही, आणि असे सगळेच संदेश मला खुपत नाहीत.

विम हा एडिटर मी नोकरीला लागल्यापासून वापरते. फाइल न देता तो नुसता उघडला की पडद्याच्या मध्यभागी कितीदा तरी एक ओळ दिसते: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. तो लिहिणारा ब्राम मोलेनार १९९४ मध्ये वर्षभर तिथल्या किबाले गावातल्या मुलांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून राहिला होता. परत आल्यावर त्याने आपलं सॉफ्टवेअर फुकटच ठेवलं आणि म्हटलं, आवडलं तर त्या मुलांना काही द्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. ती ओळ मी किती हजार वेळा पाहिली असेल! पहिली कळ दाबली की ती नाहीशी होते. तिने मला कधी थांबवलं नाही, मी कुठे राहते ते विचारलं नाही, पाच सेकंद मोजले नाहीत. पैसे द्यायला मला सात-आठ वर्षं लागली, पण ते त्या ओळीमुळेच दिले.

आता नोटपॅड++ घे. तुझ्या डीटीपीवाल्यांपैकी निम्म्यांकडे तो असेलच. तो लिहिणारा डॉन हो मतं दाबून ठेवणारा माणूस नाही. ७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये शार्ली एब्दो साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला झाला. त्याच महिन्यात नोटपॅड++ ची एक आवृत्ती हल्ल्यात मारल्या गेलेल्यांना पाठिंबा म्हणून 'मी शार्ली' या नावाने निघाली. अपडेट करून लोकांनी एडिटर उघडला, तर एक नवा टॅब उघडला आणि त्यात अक्षरं आपोआप उमटू लागली, जणू कुणी अदृश्य माणूस कीबोर्डवर बसलाय. मजकूर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता. पण तो वाचायच्या आधीच कित्येकांना वाटलं की मशीन हॅक झालं. मजकुराशी पूर्ण सहमत असलेला माणूसही त्या क्षणी आधी केबल उपटायला धावणार! थोड्याच दिवसांत त्याची साइटही कुणीतरी हॅक करून बिघडवली, ती कथा वेगळी.

त्याच माणसाने ऑक्टोबर २०१९ मध्ये 'उइघुरांना मुक्त करा' (उइघुर म्हणजे चीनमधला एक मुस्लिम समाज) या नावाची आवृत्ती काढली. या वेळी संदेश आवृत्तीच्या नावात आणि साइटवरच्या निवेदनात होता. एडिटर उघडला की तो नेहमीसारखाच एडिटर. त्याच्या प्रकल्पाच्या पानावर चिनी भाषेतल्या संतप्त तक्रारींचा पूर आला, साइटवर हल्ला करून ती पाडायचे प्रयत्न झाले. असं काही होणार आणि आपल्या लोकप्रियतेला फटका बसणार, हे त्याला आधीच कळत होतं, तरी तो मागे हटला नाही. मला ही दुसरी आवृत्ती आवडते आणि पहिली आवडत नाही. माणूस तोच, त्याचा बोलायचा हक्क तोच. धैर्य तर दुसऱ्या वेळी जास्तच लागलं असणार. पण दुसऱ्या वेळी तो स्वतःच्या ओट्यावर उभा राहून बोलला आणि पहिल्या वेळी माझ्या टेबलावर चढून.

तुला जे धड सांगता येत नाही ना, ते इथे आहे असं मला वाटतं. आपण घरात नळ दुरुस्त करायला माणूस बोलावतो. त्याच्यासाठी दार उघडतो, मोरीपर्यंत जाऊ देतो, मधल्या खोलीत वाळत घातलेले कपडे त्याला दिसतात. एवढी मोकळीक आपण कुणाला देतो? नळ गळतोय म्हणून देतो. त्या माणसाने जाता जाता फ्रीजवर एक पोस्टर चिकटवलं तर पोस्टरवरचं वाक्य मला पटतं की नाही हा प्रश्न फार नंतरचा. दार मी त्यासाठी उघडलं नव्हतं. अपडेट म्हणजे असं उघडलेलं दार. तुमच्या वापरकर्त्यांनी 'अपडेट करा'वर क्लिक केलं ते जोडाक्षरं नीट व्हावीत म्हणून. त्याच दाराने तुम्ही मत पाठवलंत तर पुढच्या वेळी ते दार जरा कमी उघडेल.

आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, तसं घडलेलं आहे. मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर, नोड-आयपीसी नावाच्या एका पॅकेजच्या मेंटेनरने त्यात एक तुकडा घुसवला. हे पॅकेज इतर शेकडो प्रकल्पांच्या पोटात बसलेलं, आठवड्याला दहा लाखांवर डाउनलोड होणारं. मशीनचा आयपी पत्ता रशियातला किंवा बेलारूसमधला दिसला की हा तुकडा त्यावरच्या फाइली पुसून त्यांच्या जागी हृदयाचं चिन्ह लिहायचा. गवगवा झाल्यावर तो भाग गेला आणि त्याच्या जागी डेस्कटॉपवर शांततेचं पत्रक ठेवणारं दुसरं पॅकेज आलं. पण तोवर सुरक्षेच्या जगात त्याला दहापैकी ९.८ इतक्या गंभीर धोक्याचा शिक्का बसला होता. आयपीवरून देश ओळखणं किती कच्चं असतं हे तुला सांगायला नको. आणि समजा अचूक ओळखला, तरी ज्याच्या फाइली गेल्या तो युद्धाच्या बाजूचा होता की विरोधातला, हे आयपी पत्ता सांगत नाही.

त्याच दिवसांत आणखी एका पॅकेजने सौम्य वाट धरली. इन्स्टॉल करताना मशीनचा टाइमझोन रशियाचा असेल तर युद्धाविरुद्धचा निवेदनवजा मजकूर दाखवायचा, बाकी काही नाही. फाइलींना धक्का नाही, तेव्हा हे बरं म्हणायचं का? मला तेही बरं वाटत नाही. घड्याळ बघून माणसाचा पक्ष ठरवायचा, हा प्रकार आहे तो. (त्या न्यायाने आपण सगळे बंगाली. भारतातल्या मशीनचा टाइमझोन सहसा 'एशिया/कोलकाता' असतो, मग ते मशीन नाशिकचं असो की वेंगुर्ल्याचं.) आणि सर्व्हर उभारायला वापरतात त्या टेराफॉर्मच्या काही मॉड्यूलांत तर पुतिनच्या नावाने शिवी असलेलं एक व्हेरिएबलच घातलं गेलं. मुळात त्याची किंमत 'हो'. कुणी 'नाही' केली तर मॉड्यूल काहीच उभारत नाही. म्हणजे आधी मताला होकार भरा, मग काम होईल.

या सगळ्याचा परिणाम काय झाला ठाऊक आहे? रशियातल्या स्बेर बँकेने त्याच मार्चमध्ये लोकांना सांगितलं की सध्या सॉफ्टवेअर अपडेट करू नका. अपडेट करू नका! ज्या सवयीसाठी आपण सगळे वीस-पंचवीस वर्षं लोकांच्या मागे लागलोय, तीच सोडायचा सल्ला, आणि तो देणाऱ्याकडे या वेळी सांगण्याजोगं कारण होतं. युद्ध काही त्यामुळे थांबलं नाही.

तुझा मित्र म्हणेल, आपण कुठे फाइली पुसतोय? एक पट्टीच तर आहे. बरोबर, फाइली पुसणं आणि पट्टी लावणं यांना एका मापाने मोजू नये, मीही मोजत नाही. पण त्याची दुसरी कल्पना मला पहिल्या पाटीपेक्षा कितीतरी वाईट वाटते, आणि गंमत म्हणजे त्यात राजकारणाचा संबंधच नाही. मजकूर सर्व्हरवरून येणार म्हणजे आजवर मुकाट्याने ऑफलाइन चालणारं टूल उघडल्या उघडल्या बाहेर फोन लावणार. त्यातून काय काय जातं, आठव. शाळेचे दाखले, कुणाची फिर्याद, बँकेचं पत्र, न छापलेली पत्रकं. आज कुणी विचारलं, 'हा मजकूर कुठे जातो का हो?' तर तू ठणकावून सांगू शकतोस, कुठेही नाही, हवं तर इंटरनेट बंद करून वापरा. पट्टी आली की हे उत्तर गेलं. मग 'जातं, पण फक्त पट्टीपुरतं' असं सांगत बसायचं, आणि ते खरं असलं तरी कचेरीतला माणूस त्यावर विश्वास का ठेवेल? शिवाय पट्टीची किल्ली आज तुमच्या दोघांकडे आहे. उद्या सर्व्हरचा पासवर्ड फुटला, किंवा तुमच्यातला एकजण कंटाळून ती किल्ली भलत्याच्या हाती देऊन गेला, तर हजारो मराठी पडद्यांवर काय झळकेल त्यावर तुमचा ताबा नसेल. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात अशी आयती पट्टी कुणाकुणाला हवीशी वाटेल, हे तूच मोज. पत्रकं कुणाकुणाची येतात ते तुला माहीतच आहे.

आणि पट्टी कुणासमोर उघडणार, याचाही विचार कर. तुमच्यासारख्याला वाटतं, वापरकर्ता म्हणजे ज्याने टूल निवडलं तो. तालुक्याच्या कचेरीत टूल निवडलेलं असतं साहेबांच्या भाच्याने, टाकलेलं असतं शेजारच्या सायबर कॅफेवाल्याने, आणि वापरणारा असतो लिपिक, ज्याच्या टेबलासमोर दाखल्यासाठी आलेली माणसं उभी असतात आणि पडदा सगळ्यांना दिसतो. सरकारी नोकराला राजकारणात भाग घ्यायला वर्तणुकीच्या नियमांनी मनाई आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं. त्याच्या पडद्यावर सरकारी धोरणाविरुद्धची पाटी पाच सेकंद हटत नाही. ते पाच सेकंद त्याच्या बाजूने मोजून बघ. कदाचित त्याचंही मत तुमचंच असेल. ते कुठे बोलायचं आणि कुठे नाही, हे ठरवायचा त्याचा हक्क तुम्ही त्याच्या वतीने वापरून टाकलात.

मी हे लिहितेय ते हिंदीचा मुद्दा मला पटत नाही म्हणून नाही. हे सदर माझा ओटा आहे, म्हणून इथे सांगून टाकते: सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादायचं ते १६ एप्रिल २०२५ चं फर्मान मलाही पटलं नव्हतं, आणि १७ जूनला 'अनिवार्य' शब्द काढून 'सर्वसाधारणपणे' घातला तेव्हा तर हसू आलं होतं. तुमच्या पाटीवरच्या वाक्यावर मी सही केली असती. पाच सेकंदांच्या बटणावर नाही.

मित्राचा एक मुद्दा मात्र कच्चा नाही आणि तो तू उडवून लावू नकोस. तो म्हणेल, नोटपॅड++ आणि उइघुर यांचा काय संबंध? आपलं तर मराठीचंच टूल आहे, मराठीच्या प्रश्नावर आपण नाही बोलायचं तर कोणी? यात तथ्य आहे. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास काळा झाला होता, अमेरिकेतल्या सोपा आणि पिपा या दोन पायरसीविरोधी विधेयकांच्या विरोधात. मला ते तेव्हाही योग्य वाटलं आणि आजही वाटतं. ती विधेयकं विकिपीडियाच्याच मुळावर येणारी होती, निर्णय एकट्यादुकट्याने नाही तर संपादकांनी उघड चर्चा करून घेतला होता, आणि दिवस संपल्यावर ते संपलं. तुमच्या बाबतीत असा प्रश्न कुठला असेल? उद्या कुणी म्हणालं की सरकारी कामात पुन्हा जुने फॉन्ट चालतील, युनिकोडची गरज नाही, तर त्या दिवशी खुशाल पाटी लावा. तो तुमचा आणि तुमच्या वापरकर्त्यांचा थेट धंद्याचा विषय आहे. शाळेत पहिलीला कुठली भाषा शिकवावी, हा मराठी माणसाचा विषय आहे, कन्व्हर्टरचा नाही. ही रेघ पुसट आहे, मान्य. पण ती कुठे ओढायची यावर तुम्ही दोघं बसून बोललात तर ते भांडण तरी कामाचं होईल.

आता बोलायचं कसं ते. 'पट्टी नको' असं म्हणत जाऊ नकोस, कारण मग तो भूमिकावाला आणि तू भित्रा, ही वाटणी आधीच पक्की झालेली असेल. जाताना काहीतरी घेऊन जा. रीडमीच्या (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलीच्या) पहिल्या परिच्छेदात तुम्ही दोघं कोण, मराठीबद्दल काय मानता, हे स्पष्ट लिहायचा मसुदा तू स्वतः कर, आणि तो मिळमिळीत करू नकोस. साइटवर हवं तेवढं मोठं लिहा. 'आमच्याविषयी'च्या खिडकीत लिहा, ज्याला वाचायचं तो उघडून वाचेल. पुढच्या आवृत्तीला नाव द्यायचंय? द्या की, डॉन होने दिलं तसं, आणि त्यावर येणाऱ्या शिव्या दोघं मिळून खा. तेव्हा तू भित्रा नाहीस, हे त्यालाही दिसेल. पण टूल उघडल्यावर टूलच उघडलं पाहिजे, त्याने बाहेर फोन लावता कामा नये, आणि समोरचा कोण आहे ते बघून ते वेगळं वागता कामा नये. या तीन गोष्टींवर तू हलू नकोस.

आणि एक गोष्ट आजच लिहून ठेवा, भांडण शांत आहे तोवर: प्रकल्पाच्या नावाने काही बोलायचं तर दोघांची संमती लागेल, एकाने नाही म्हटलं की नाही. ज्याला एकट्याने बोलायचंय त्याने स्वतःच्या नावाने बोलावं. तुम्ही दोघांनी मिळून एक नाव कमावलंय, ते अर्धं अर्धं कापून वापरता येत नाही. तरीही तो अडून बसला, तर फोर्क करायची, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प चालवायची, मुभा त्याला तुमच्याच लायसन्सने दिली आहे. त्याची पट्टीवाली आवृत्ती वेगळ्या नावाने निघू दे, ज्यांना हवी ते घेतील. असं झालं म्हणजे मैत्री तुटली, असं समजू नकोस. मी दोन फोर्कच्या मालकांना एका ताटात मिसळ खाताना पाहिलंय.

शेवटी एक सांगायचं राहिलं, आणि ते तुझ्या पत्रात नाही. तुमचा कन्व्हर्टर मीही वापरते. गेल्या वर्षी एका लग्नाच्या कामाची जुनी यादी त्यातून काढली. मूळ फाइलीत 'आचाऱ्यांना आगाऊ रक्कम' असं होतं, बाहेर आलं 'आचार्यांना आगाऊ रक्कम'. नवऱ्याकडचे गुरुजी यादी वाचून फार खूश झाले. डोळ्यांच्या पापणीसारखा दिसणारा तो अर्धा र आणि डोक्यावरचा रफार, यांना तुमचा कन्व्हर्टर एकच समजतो. युनिकोडमध्ये तो र लिहायच्या दोन रीती आहेत, नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून किंवा साध्या र ला हलन्त आणि मग न दिसणारा जोडक देऊन, तेव्हा दोन्ही तपासा. बोलायला बसाल त्या दिवशी आधी हे काम दोघं मिळून करा, एका मशीनवर, शेजारी बसून. मग चहा घ्या आणि मग पट्टीचा विषय काढ.